बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

उंच लाविलेल्या कडीतून चेंडू टाकावयाचा बास्केटबॉल नावाचा खेळ आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी शाळेच्या मैदानावर पाहिला असेल. तो ज्यांनी निर्माण केला ते गृहस्थ पुढे दीक्षित पाळक झाले, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. तरुणांस वळण लावण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांस हे चरित्र उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराने त्यांचे आईबाप दोघेही वारले, व मामांनी त्यांचा सांभाळ केला. शाळा मध्येच सोडून ते काही वर्षे रानात लाकूडतोडीचे काम करीत होते. पुढे मोठ्या वयात ते पुन्हा शाळेत बसले, १८८७ साली माँट्रियल येथील मॅगिल विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १८९० साली त्यांनी देवशास्त्राचा अभ्यासक्रमही पुरा केला.

विद्यार्थिदशेत ते दांडगाईचा फुटबॉल खेळत. उपदेशक होऊ पाहणाऱ्यास हे शोभत नाही, असे त्यांच्या सोबत्यांस वाटे. परंतु एकदा खेळाच्या भरात एका गड्याच्या तोंडून शिवी गेली, आणि नेस्मिथ जवळच आहेत हे ध्यानात येताच त्याने त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथ त्यास ह्याविषयी पूर्वी कधी एक शब्दही बोलले नव्हते. नुसत्या सहवासाने एवढा परिणाम होतो, तर मैदानावरही सेवाकार्य करिता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. मग ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेत दाखल झाले.

तेथे १८९१ च्या हिवाळ्यात अठरा तरुणांचा एक वर्ग फार अनावर झाला होता. बाहेर बर्फ पडलेले, आणि आत तीच ती कवाईत. दोन शिक्षक तर हात टेकून बसले होते. मुख्य शिक्षक ल्यूथर ग्यूलिक ह्यांनी तो वर्ग नेस्मिथ ह्यांस दिला, व चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितले. नेस्मिथ ह्यांनी मैदानी खेळ आत आणून पाहिले. पण त्यांत अंगास इजा होऊ लागली. तेव्हा तरुणांस दोष न देता त्यांनी खेळातील दोषाचे कारण शोधिले. चेंडू घेऊन पळणारास अडविण्यासाठी धक्काबुक्की होते; म्हणून चेंडू घेऊन पळूच नये, असा नियम त्यांनी केला. लक्ष्य समोर असले म्हणजे चेंडू जोराने मारला जातो. म्हणून ते उंच व आडवे ठेविले, की बळापेक्षा हलका हात उपयोगी पडावा. दहा फूट उंचीवर सज्जाच्या कठड्यास फळांच्या दोन टोपल्या ठोकिल्या, तेरा नियम लिहून भिंतीस लाविले, आणि त्या डिसेंबरात नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. त्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला. पण तो उनाड वर्ग खेळ सोडावयास तयार होईना.

पुढे वैद्यकीची पदवी मिळवून ते १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे प्रार्थना व व्यायाम ह्या दोहोंची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १९०७ पर्यंत त्यांनी तेथील संघास शिकविले; पंचावन्न सामने जिंकिले आणि साठ गमाविले. खेळाच्या जनकास हे उणेपणाचे वाटावे. परंतु जिंकण्यापेक्षा मुलगा निरोगी व सरळ निपजावा, हीच त्यांची कसोटी होती. बास्केटबॉल खेळावयाचा असतो, तो शिकवीत बसावयाचा नसतो, असे ते फॉरेस्ट ॲलन ह्या आपल्या शिष्यास म्हणत. शिष्याने ते मानिले नाही. त्याच संघाचा शिक्षक होऊन त्याने ५९० सामने जिंकिले.

दुसरा शिष्य जॉन मॅक्लेंडन. हा कृष्णवर्णी तरुण १९३३ साली विद्यापीठात आला, तेव्हा रंगामुळे त्यास संघात खेळण्याची बंदी होती. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस सांगावयास नको. वृद्ध नेस्मिथ ह्यांनी त्यास आपला शिष्य करून खेळ शिकविण्याची विद्या दिली. १९३६ साली तो पदवीधर झाला, आणि त्याने शिकविलेल्या संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे महाविद्यालयांची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकिली. ज्यास खेळू दिले नाही, तो खेळाडूंचा गुरू झाला.

नेस्मिथ ह्यांस १९१६ साली पाळकाची दीक्षा मिळाली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत आपला खेळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, व ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. ह्या खेळापासून त्यांनी धन जोडिले नाही.

बंधुजनहो, गावातील मुले दंगा करितात म्हणून आपण कंटाळतो. त्यांस रागे भरण्यापूर्वी, आपण त्यांस करावयास काय दिले आहे ते पाहावे. आणि जो मुलगा कुंपणाबाहेर उभा राहून नुसता पाहत असतो, त्यास प्रथम हाक मारावी.