दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या भक्ती बर्वे फुलं विकणारी मंजुळा झाल्या आणि महाराष्ट्राची फुलराणी ठरली

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चॅनेल एकच, तेही ब्लॅक अँड व्हाइट. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अख्खी चाळ जमायची. चॅनेल बदलायची सोयच नव्हती, त्यामुळे बातम्या देणारी माणसं घरातल्यासारखीच ओळखीची होऊन जायची.

त्यातलाच एक चेहरा भक्ती बर्वे यांचा.

जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. लहानपणी सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरच्या बालनाट्यांत काम केलं. पुढे आकाशवाणीवर निवेदिका आणि मग दूरदर्शन. स्वच्छ आवाज, एकेक अक्षर नीट ऐकू येईल असे उच्चार. थोडक्यात काय, प्रमाण मराठी कशी बोलायची हे ज्यांच्याकडे बघून शिकावं अशा या बाई.

आणि १९७५ साली पु. ल. देशपांडेंनी त्यांच्याच तोंडी अगदी उलटी भाषा दिली.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु.लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं. मंजुळा ही फुलं विकणारी, तोंडाने फटकळ पोरगी. भाषेचे प्राध्यापक पैज लावून तिला 'शुद्ध' बोलायला शिकवतात. प्राध्यापक होते सतीश दुभाषी.

नाटकाची खरी गोम इथेच आहे. शेवटची सफाईदार मंजुळा भक्तीताईंच्या रोजच्या कामातलीच होती. कस लागला तो आधीच्या मंजुळेत. तिचं बोलणं जरा जरी खोटं वाटलं असतं, तर प्रेक्षक गरीब मुलीच्या भाषेवर नुसतेच हसले असते. भक्तीताईंनी तिला राग दिला, मान दिला. शिकवणाऱ्यावर चिडून मंजुळा एकटीच बोलते तो प्रवेश तर इतका गाजला, की एकपात्री स्पर्धांमधून मुली आजही तो करतात. पुढे प्रिया तेंडुलकर, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली. तुलना मात्र दरवेळी पहिलीशीच.

एवढी मोठी भूमिका मिळाली की बाकीचं काम झाकोळून जातं, तसं थोडं झालंच. 'अजब न्याय वर्तुळाचा', 'हँड्स अप', घरकामातून निवृत्ती जाहीर करणाऱ्या आईचं 'आई रिटायर होतेय' ही त्यांची इतर नाटकं. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही मिळाला.

हिंदीवाले त्यांना ओळखतात ते 'जाने भी दो यारों'मुळे (१९८३). त्यात त्या 'खबरदार'ची संपादक शोभा आहेत. भ्रष्टाचार उघड करायचा म्हणून दोन भोळ्या फोटोग्राफरना कामाला लावते आणि मिळालेल्या पुराव्यांवर स्वतःच पैसे उकळायला बघते. विश्वासाने बातम्या ऐकवणाऱ्या चेहऱ्याला ही भूमिका देणं, हा त्या सिनेमातला एक वेगळाच विनोद म्हणायचा. सिनेमाने त्यांचा याहून जास्त उपयोग करून घ्यायला हवा होता.

अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती, 'ये जो है जिंदगी'मुळे घराघरात पोहोचलेले. १३ मार्च १९९६ ला ते गेले.

पुढच्या काळात भक्तीताई 'पु.ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम करायच्या. पन्नाशीतल्या बाई एकट्या रंगमंचावर उभ्या राहून पुन्हा मंजुळा व्हायच्या.

फेब्रुवारी २००१ मध्ये वाईला हाच कार्यक्रम झाला. तिथून मुंबईला परतताना १२ तारखेला एक्सप्रेस वेवर त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ५२.