मातीचे ऋण जाणणारा शास्त्रज्ञ

इंग्लंडच्या पश्चिम भागात श्रॉपशायर नावाचा परगणा आहे. तेथील बिशप्स कॅसल या गावाच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी झाला. शेत, गुरे आणि खत यांच्याशी त्यांचा परिचय लहानपणीच झाला. पुढे लंडन व केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले आणि १८९९ साली ते वेस्ट इंडीजमध्ये वनस्पतींच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे प्रयोगशाळेत बसून ते बुरशींचा अभ्यास करीत व शेतकऱ्यांना उपाय सांगत. परंतु लवकरच एक विचार त्यांना बोचू लागला. आपण जो उपाय सांगतो, तो स्वतःच्या शेतात करून पाहण्याइतकीही जमीन आपल्याजवळ नाही. मग कष्टकरी शेतकऱ्याने आपल्यावर विश्वास तरी का ठेवावा?

ही खंत १९०५ साली दूर झाली. बिहारमधील पुसा येथे नव्याने उभारलेल्या कृषिसंशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली आणि प्रयोगासाठी त्यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. या दांपत्याने गव्हाच्या अनेक उत्तम जाती निर्माण केल्या. परंतु त्याहून मोलाचे असे काही ते येथे शिकले. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची पिके विषारी औषधांवाचूनही निरोगी असतात, हे हॉवर्ड यांनी पाहिले. मोठ्या पदाचा अभिमान बाजूला ठेवून त्यांनी त्या निरक्षर शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. पिकावर पडलेली कीड हीदेखील त्यांना गुरूसमान वाटे. कारण आपले कोठे चुकले, हे तीच दाखवून देत असे.

मातीचा कस चांगला असेल, तर पीक सशक्त होते आणि ते पीक खाणारी गुरेही सशक्त होतात, असे त्यांचे मत बनले. आपल्या बैलांना शेजारच्या आजारी गुरांचा संसर्ग होत नाही, असा अनुभवही त्यांनी नमूद केला. या अनुभवावरून काढलेले त्यांचे सर्वच निष्कर्ष इतर शास्त्रज्ञांना मान्य झाले नाहीत, आणि गुरांना रोगप्रतिबंधक लस टोचणे आजही आवश्यकच आहे. तथापि मातीच्या आरोग्याकडे त्यांनी जे लक्ष वेधले, त्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही.

१९२४ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात हॉवर्ड यांनी एक नवी संशोधनसंस्था स्थापन केली. तिचा मुख्य विषय कापसाचे पीक हा होता. परंतु माळव्याच्या काळ्या रानात फिरताना त्यांना वेगळाच प्रश्न दिसला. खेडोपाडी शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जाळल्या जात. जे शेण उरे, ते उकिरड्यावर उन्हापावसात पडून निःसत्त्व होई. पऱ्हाट्या, तुराट्या, तण आणि पालापाचोळा यांचाही खतासाठी फारसा उपयोग होत नसे. जमीन दरवर्षी पीक देत होती; पण तिचे तिला परत काय मिळत होते?

यावर हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह जी रीत बसविली, ती इंदूर पद्धत या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल असा खड्डा घ्यावयाचा. त्यात निरनिराळ्या प्रकारचा काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यावयाचे व ते पाण्याने ओलसर ठेवावयाचे. कठीण काड्या आधी रस्त्यावर पसरून गाडीच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाच्या. सूक्ष्म जीवांना हवा लागते. म्हणून ढीग दाबून न भरता ठरावीक काळाने तीन वेळा खालीवर करावयाचा. आत इतकी उष्णता निर्माण होते की, तणांचे बीही बहुधा मरून जाते. असे केले की तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि दुर्गंधी नसलेले खत तयार होते. उकिरड्याचेही दैव बारा वर्षांनी उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे. हॉवर्ड यांनी ते तीन महिन्यांत उघडून दाखविले!

परंतु या यशाच्या वेळीच त्यांच्यावर दुःखाचा आघात झाला. १९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षे त्यांनी पतीच्या प्रत्येक कार्यात बरोबरीचा वाटा उचलला होता. १९३१ साली या खतपद्धतीवरील हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉवर्ड भारत सोडून मायदेशी परतले. १९३४ साली त्यांना सर हा किताब मिळाला; पण त्यांच्या विचारांना मात्र अनेक विद्वानांनी विरोध केला. तो काळ रासायनिक खतांच्या वाढत्या प्रसाराचा होता. हॉवर्ड यांनी माघार घेतली नाही. १९४० साली त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार सांगणारा ग्रंथ लिहिला. चहाचे व कॉफीचे मळे पिकविणाऱ्यांपासून परसात भाजी लावणाऱ्यांपर्यंत अनेकांनी त्यांची पद्धत स्वीकारली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९३५ साली महात्मा गांधींनी इंदूरच्या त्या संस्थेस भेट दिली आणि खेड्यांनी ही पद्धत उचलावी, असा आग्रह धरला. कारण तिला मोठे भांडवल लागत नाही. लागतात ते श्रम आणि नियमितपणा. भाजीची देठे, फळांच्या साली, शाळेच्या अंगणात पडलेली पाने हा सारा मातीचाच ठेवा आहे. तो जाळून टाकला, तर धूर आणि थोडी राख एवढेच हाती राहते. कुजवून परत केला, तर त्यातून पुन्हा फुले आणि फळे उमलतात. जमिनीकडून जे घेतले ते तिला परत करावे, हा साधा धर्म हॉवर्ड यांनी भारतातील शेतकऱ्यांच्या सहवासात जाणला आणि साऱ्या जगाला शिकविला.