क्ष-किरणांचे जनक प्रो. राँटजेन

घरचें कुत्रें अन्नास तोंड लावीत नाहीं, कण्हत पडून राहतें. परंतु कोठें दुखतें हें त्या मुक्या जीवास सांगतां येत नाहीं. अशा वेळीं पशुवैद्य त्यास गुंगीचें औषध देऊन निश्चल निजवितो व क्ष-किरणांनीं त्याचें छायाचित्र घेतो. हाडांतील चुना हे किरण अडवितो, मांस फारसें अडवीत नाहीं. त्यामुळें मोडलेलें हाड किंवा गिळलेली सुई स्पष्ट दिसते. ही सोय ज्यांच्यामुळें झाली त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

विल्हेल्म कॉनराड राँटजेन यांचा जन्म जर्मनींतील लेनेप गांवीं २७ मार्च १८४५ रोजीं झाला. बालपण हॉलंडांत गेलें. युट्रेक्ट येथें शिकत असतां कोणा मुलानें एका शिक्षकाचें व्यंगचित्र काढलें. तें कोणी काढलें हें राँटजेन यांनीं सांगितलें नाहीं, म्हणून त्यांसच शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. मी स्वतः शिक्षक आहें. तरी येथें माझें मन त्या शिक्षकाच्या बाजूस जात नाहीं. शाळेचें प्रमाणपत्र हातीं नसल्यामुळें पुढें फार अडचणी आल्या. झुरिक येथें १८६९ सालीं ते डॉक्टर झाले, तरी वुर्झबर्ग विद्यापीठानें त्याच उणिवेवर बोट ठेवून त्यांस अध्यापनाचा अधिकार नाकारला. त्याच विद्यापीठानें १८८८ सालीं त्यांस प्राध्यापक म्हणून बोलाविलें!

तेथेंच ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, अंधाऱ्या खोलींत, काळ्या पुठ्ठ्यानें झांकलेल्या नळींतून विद्युत्प्रवाह सोडला असतां दूरचा एक रासायनिक पडदा चमकूं लागला. कित्येक आठवडे त्यांनीं ही गोष्ट कोणास सांगितली नाहीं; जेवणखाणहि प्रयोगशाळेंतच होई. २२ डिसेंबर रोजीं त्यांनीं पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें व अंगठी तेवढीं उमटलीं. तें पाहून बाई भ्याल्या, असें सांगतात. बीजगणितांतील अज्ञात राशीप्रमाणें या किरणांस त्यांनीं ‘क्ष’ म्हटलें. १८९६ सालींच पशुवैद्य घोड्यांच्या पायांवर त्यांचा प्रयोग करूं लागले.

या शोधाचें पेटंट राँटजेन यांनीं घेतलें नाहीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. तें द्रव्य त्यांनीं वुर्झबर्ग विद्यापीठास दिलें. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नाण्याची किंमत घसरून त्यांची शिल्लक मातीमोल झाली. १९१९ सालीं पत्नी वारली. १० फेब्रुवारी १९२३ रोजीं म्युनिक येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचे बहुतेक खासगी कागदपत्र जाळून टाकण्यांत आले.