यंत्रात यंत्र पाहणारा गणिती : ॲलन ट्युरिंग

मंठ्यासारख्या गावातला संगणकाचा विद्यार्थी आज आपल्या एकुलत्या एका संगणकात दुसरा संगणक उभा करू शकतो. केवळ सूचनांनी बनलेल्या या दुसऱ्या संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पुरती तयार न झालेली, चाचणीसाठी दिलेली ऑपरेटिंग सिस्टिम त्यात चालवून पाहता येते. ती कोसळली तरी मूळ संगणकातील कामाला सहसा धक्का लागत नाही. या सोयीचे बीज ज्यांच्या विचारात सापडते, त्या ॲलन ट्युरिंग यांचे चरित्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही जाणून घ्यावे असे आहे.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे त्यांचे बालपण गेले. १९२६ साली शाळा सुरू होण्याच्या दिवशीच देशभर संप होता. तेव्हा हा मुलगा सुमारे शंभर किलोमीटर सायकल हाणत शाळेत हजर झाला! १९३० साली ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र क्षयाने गेला. मन आणि जड देह यांचे नाते काय, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला.

केंब्रिजमध्ये असताना, १९३६ साली, त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात एका काल्पनिक यंत्राची कल्पना होती. चौकटी आखलेली एक लांबच लांब फीत, तीवर चिन्हे, आणि कोणते चिन्ह दिसले असता काय करावे याचा तक्ता, एवढाच त्याचा संसार. मग ट्युरिंग यांनी दाखवले की दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा तक्ता फितीवर लिहून दिला, तर एकच सर्वसमावेशक यंत्र त्या यंत्रासारखे वागू शकते. जणू एकच नट संहिता बदलताच निराळी भूमिका वठवतो! त्याच निबंधातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. कोणताही कार्यक्रम पुढे कसा वागेल, हे आधीच अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणजे नव्या कार्यक्रमाची प्रत्यक्ष परीक्षा टळत नाही. आणि ती परीक्षा घेण्याची सुरक्षित जागाही याच विचाराने दाखवून दिली.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडत होते. पोलंडच्या गणितज्ञांनी घातलेल्या पायावर त्यांनी ‘बाँब’ नावाचे यंत्र रचले. अशा एका यंत्रात ३६ एनिग्मा यंत्रांची नक्कल एकाच वेळी चाले. हे काम इतके गुप्त राहिले की १९७० नंतरच जगाला त्याची खरी ओळख झाली.

युद्धानंतर त्यांनी प्रत्यक्ष संगणकाचा आराखडा केला आणि १९४८ पासून मँचेस्टर येथे काम केले. बुद्धिबळाचा कार्यक्रम त्यांनी लिहिला, पण तो पेलणारे यंत्र हाताशी नव्हते. तेव्हा १९५२ साली स्वतःच यंत्र बनून, कागदावर हिशेब मांडत, ते ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी खेळले. डाव हरला, परंतु परीक्षा झाली.

त्याच वर्षी समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्यांना दोषी ठरवण्यात आले. तुरुंग टाळायचा तर संप्रेरकांचे उपचार घेणे भाग होते. ते त्यांनी सोसले. गुप्त कामाची दारेही बंद झाली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला; आईने मात्र तो अपघातच मानला. त्यांचे वय अवघे ४१ होते.

१९७२ साली आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एका संगणकात अनेक आभासी संगणक त्यामुळे नांदू लागले, आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणीही त्यांत होऊ लागली. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये ट्युरिंग यांच्याबद्दल माफी मागितली. २०१३ मध्ये राजाज्ञेने त्यांना क्षमा मिळाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. अपुऱ्या, चुकणाऱ्या यंत्रालाही सांभाळून घेण्याची जागा ज्यांच्या विचाराने दिली, त्या माणसाला त्याच्या समाजाने तेवढीही जागा दिली नाही. विज्ञानाच्या फळांबरोबर ही खंतही आपण लक्षात ठेवली पाहिजे.