न्यूटनचा शेवटचा हिशेब

२००३ सालची गोष्ट. आमच्या शाखेत चहाच्या वेळी कुणीतरी मोठ्याने बातमी वाचली: न्यूटनच्या हस्तलिखितानुसार जगाचा शेवट २०६० साली. मग घरकर्जाचे हप्ते भरायचे कशाला, म्हणून आमचे रोखपाल हसले. मीही हसलो. घरी मात्र दहा वर्षांच्या मुलीने बोटांवर हिशेब केला होता. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची असणार होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी न्यूटन वाचायला घेतला.

जन्मापूर्वीच वडील गेलेले; तिसऱ्या वर्षी आईने दुसरे लग्न केले आणि पोर आजीपाशी राहिले. १६६९ मध्ये तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला, १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ आला. सफरचंदाचा हा न्यूटन आपल्या ओळखीचा. पण दार लावून तो वर्षानुवर्षे बायबलातले ‘दानीएल’ आणि ‘प्रकटीकरण’ वाचत असे. दार लावणे भागच होते. ट्रिनिटी कॉलेजात राहून त्याला ट्रिनिटीचा, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धान्तच मान्य नव्हता. त्याच्या जागी आलेल्या व्हिस्टनने असलेच मत उघड मांडले आणि १७१० मध्ये नोकरी गमावली. न्यूटन गप्प राहिला.

या ग्रंथांत समुद्रातून श्वापदे निघतात, सूर्य काळवंडतो, तारे गळतात. न्यूटनच्या मते ही एक भाषा होती आणि आधी तिचा कोश हवा. श्वापद म्हणजे राज्य, सूर्य म्हणजे राजे, चंद्र म्हणजे प्रजा. आजचे अभ्यासकही हा स्वतंत्र साहित्यप्रकार मानतात. ‘दानीएल’मधील दृष्टान्त इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटायोकस राजाच्या छळात लिहिले गेले, ‘प्रकटीकरण’ पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन अमलाखाली. जुलमी सत्तेला श्वापद म्हणायचे आणि पिचलेल्यांना धीर द्यायचा, हे त्यांचे काम. न्यूटनला मात्र त्यात पुढल्या शतकांचे वेळापत्रक दिसले. ग्रंथातले १२६० दिवस म्हणजे वर्षे. पोपची सत्ता इ.स. ८०० पासून धरली की बेरीज २०६०.

पण बातमीत न आलेला भाग पुढेच होता. शेवट याहून उशिराही येईल, असे त्याच कागदावर आहे. शिवाय ही तारीख भाकीत म्हणून नव्हे, तर उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत म्हणून मांडली आहे. एकेक तारीख खोटी ठरली की धर्मग्रंथाचीच पत जाते, ही त्याची चिंता होती. शेवट म्हणजेही त्याच्या लेखी सर्वनाश नव्हे, नव्या युगाची सुरुवात.

१६९६ मध्ये तो लंडनच्या टांकसाळीत अधिकारी झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला. बँकेत आयुष्य काढलेल्या मला यातली संगती चटकन कळली. खोटे नाणे काय, खोटी तारीख काय, दोन्हींनी विश्वास बुडतो.

१७२७ मध्ये तो वारला. या विषयावरचे त्याचे पुस्तक १७३३ मध्ये निघाले. उरलेल्या कागदांचा १९३६ मध्ये लंडनला लिलाव झाला. २०६० चा कागद आता जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मुलीला मी एवढेच सांगितले, की त्याने घाबरवायला नव्हे, घाबरवणाऱ्यांना थांबवायला लिहिले. ती आता स्वतःच्या घरकर्जाचे हप्ते भरते. एकही चुकवत नाही.