वीस वर्षं लोक हसले, पण डास त्यांनीच पकडला होता, क्युबाच्या डॉ. कार्लोस फिनले यांची गोष्ट

पावसाळा लागला की आशाताई घरोघरी फिरतात. पिंपाचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात अळ्या बघतात, अबेट टाकतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगून जातात. ज्या डासासाठी हा सगळा खटाटोप, तो एडिस इजिप्ती. पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, घरातल्या साठवलेल्या पाण्यात अंडी घालणारा. आपल्याकडे तो डेंग्यू आणि चिकनगुनिया देतो. हा डास माणसाच्या रक्तातून रोग उचलून दुसऱ्याच्या रक्तात सोडतो, हे 1881 साली भर सभेत मांडणारे डॉक्टर क्युबा बेटावरचे होते. त्यांचं नाव कार्लोस फिनले.

फिनले यांचा जन्म 3 डिसेंबर 1833 चा. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. वडील मूळचे स्कॉटलंडचे डॉक्टर, शिवाय कॉफीची शेती. शाळेसाठी मुलाला फ्रान्सला पाठवलं, पण आजारपणामुळे शिक्षण मध्येमध्ये तुटत राहिलं. लहानपणीच्या एका आजाराने बोलण्यात दोष राहिला तो कायमचा. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकून 1855 साली ते पदवीधर झाले आणि हवाना शहरात दवाखाना थाटला.

हवानात तेव्हा पिवळ्या तापाची दहशत होती. थंडी वाजून ताप, अंगदुखी, मग डोळे आणि कातडी पिवळी. पुढच्या टप्प्यात नाकातोंडातून रक्त आणि काळी उलटी. काळी कशामुळे, तर पोटात झिरपलेलं रक्त. बाहेरून नव्याने आलेले सैनिक आणि मजूर पटापट मरायचे. रोग्याच्या अंथरुणातून, कपड्यांतून आणि घाणेरड्या हवेतून हा रोग लागतो असंच सगळे मानत. त्यामुळे गाद्या जाळायच्या, घरं धुवायची, आणि रोग काही हटायचा नाही.

फिनले यांनाही आधी हवेचाच संशय होता. कित्येक वर्षं ते हवानाची हवा तपासत बसले. मधल्या काळात 1868 च्या सुमारास शहरात कॉलरा आला. उघड्या कालव्याच्या पाण्याने तो पसरतोय, हे त्यांनी रोग्यांची घरं कुठे कुठे आहेत ते बघून ताडलं. पण सरकारी लोकांनी ते छापूही दिलं नाही. अडचणीचं खरं बोलणाऱ्याची ही गत तेव्हाही होतीच.

1879 साली अमेरिकेचं डॉक्टरांचं पथक पिवळ्या तापाचा अभ्यास करायला हवानात आलं. फिनले त्यांच्यासोबत काम करू लागले. मेलेल्या रोग्यांच्या शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा रक्ताच्या लाल पेशी रक्तवाहिनीच्या बाहेर आलेल्या दिसल्या. फिनले यांनी विचार केला की बिघाड रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात असेल, तर हवेतून किंवा चादरीतून रोग तिथवर जाणार कसा? एकाच्या रक्तवाहिनीत तोंड घालून नंतर दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत तोंड घालणारं काहीतरी मध्ये असलं पाहिजे. आणि असं काम करणारा प्राणी तर घराघरात गुणगुणत होता.

आज माहीत आहे की या रोगाचा मुख्य मार लिव्हरवर बसतो. लिव्हर बिघडलं की रक्त गोठवणारे घटक तयार होत नाहीत आणि रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे फिनले यांच्या तर्कातला एक धागा कच्चा होता. तरी त्याच धाग्याने त्यांना बरोबर दारापर्यंत नेलं.

मग त्यांनी डासांचा पिच्छाच पुरवला. कोणती जात कुठे अंडी घालते, किती वेळा रक्त पिते, थंडीत काय करते, सगळं टिपलं. रक्त मादीच पिते, आणि ही मादी एकाला अर्धवट चावून दुसऱ्याकडे जाते. त्यांनी बोट ठेवलं ते याच एडिस डासावर. 1881 च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांनी रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये तिसरंच काहीतरी असतं एवढं मांडलं, आणि 14 ऑगस्टला हवानाच्या विज्ञान अकादमीत डासाचं नाव घेऊन निबंध वाचला.

कुणाला पटलं नाही. लोक त्यांना डासवाला म्हणू लागले. साथीला डॉ. क्लाउदिओ देलगादो हे एक सहकारी तेवढे राहिले. काचेच्या नळीत डास धरायचा, रोग्याला चावू द्यायचा, मग तयार असलेल्या निरोगी माणसाला चावू द्यायचा, असे शंभरावर प्रयोग झाले. काहींना हलका ताप आला, बहुतेकांना काहीच नाही. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

गोम दिवसांत होती. फिनले डासाला रोग्यानंतर दोन ते पाच दिवसांतच दुसऱ्याला चावू देत. पण रोगजंतू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण बारा दिवस लागतात. त्याआधी तो डास चावला तरी रोग देत नाही. एवढ्याशा हिशेबाने बरोबर माणूस वीस वर्षं खोटा ठरला.

1900 साली अमेरिकन लष्कराचे डॉ. वॉल्टर रीड यांचं पथक हवानात आलं. बाकी सगळे रस्ते बंद झाले तेव्हा ते फिनले यांच्याकडे गेले. फिनले यांनी मनात काही न ठेवता आपल्याकडची डासांची अंडी त्यांना देऊन टाकली. त्याच अंड्यांतून वाढवलेल्या डासांवर पथकाचं काम सुरू झालं. पथकातले डॉ. कॅरोल डास चावून मरता मरता वाचले. डॉ. जेसी लाझिअर मात्र 25 सप्टेंबर 1900 रोजी पिवळ्या तापाने गेले. वय अवघं 34.

नोव्हेंबरपासून पक्के प्रयोग झाले. एका खोलीत रोग्यांच्या उलटीने, घाणीने माखलेल्या गाद्यांवर तीन जण वीस रात्री झोपले. एकालाही ताप आला नाही. रोग्याला चावून पुरेसे दिवस झालेले डास ज्यांना चावले, ते आजारी पडले. पुढे रोग्याचं रक्त बारीक गाळणीतून गाळून टोचलं तरी रोग झाला. म्हणजे कारण जिवाणूपेक्षाही लहान होतं. माणसाचा एखादा आजार विषाणूमुळे होतो हे जगात पहिल्यांदा दिसलं ते इथेच.

लगेच हवानात मेजर विल्यम गॉर्गस यांनी मोहीम उघडली. पाण्याच्या पिंपांना झाकणं, डबक्यांवर रॉकेल, रोग्याला जाळीच्या आत ठेवायचं, घरात अळ्या सापडल्या तर दंड. तापाच्या पहिल्या दिवसांत रोग्याचं रक्त प्यालेला डासच पुढे रोग पसरवतो, म्हणून जाळी रोग्याला आधी. डेंग्यूच्या रोग्यालाही मच्छरदाणीत ठेवायला सांगतात ते याचसाठी. 1901 संपता संपता हवानातून पिवळा ताप गेला. कित्येक पिढ्यांनी न पाहिलेली गोष्ट काही महिन्यांत झाली.

गाजावाजा रीड यांचा जास्त झाला. निबंधात त्यांनी फिनले यांचं नाव घेतलं होतं, पण अमेरिकेत लोकांच्या तोंडी एकच नाव बसलं. क्युबाने मात्र आपला माणूस ओळखला. 1902 साली देश स्वतंत्र झाला, आणि फिनले यांना आरोग्य खात्याचे प्रमुख केलं. तेव्हा त्यांचं वय 68 होतं. 1905 साली पिवळा ताप हवानात परत शिरला तेव्हा त्यांच्याच खात्याने तो परतवला. गॉर्गस हीच पद्धत घेऊन पनामात गेले. तिथे आधी फ्रेंचांचे हजारो मजूर पिवळ्या तापाने आणि मलेरियाने मेले होते आणि कालवा अर्धवट पडला होता. 1914 साली तो पुरा झाला.

सिकंदराबादेत मलेरियाचा डास शोधून 1902 साली नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी 1905 साली फिनले यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. त्या वर्षी ते रॉबर्ट कॉख यांना मिळालं. फिनले यांचं नाव एकूण सात वर्षं यादीत गेलं, मिळालं एकदाही नाही. ऑगस्ट 1915 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, हवानातच ते वारले. पिवळ्या तापाची लस यायला त्यानंतर आणखी बावीस वर्षं लागली, आणि ती करणाऱ्या मॅक्स थायलर यांना 1951 साली नोबेल मिळालं.