नील्स बोर

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक लहानसा देश. त्याची राजधानी कोपनहेगन. या नगरीत ७ ऑक्टोबर १८८५ रोजी नील्स बोर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील विद्यापीठात शरीरविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यामुळे विद्वानांच्या चर्चा बालपणापासूनच नील्सच्या कानांवर पडत.

१९१२ साली बोर मँचेस्टर येथे रदरफर्ड या थोर शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म असे धनभारित केंद्रक असते, हे रदरफर्ड यांनी नुकतेच दाखवून दिले होते. परंतु त्यातून एक कोडे निर्माण झाले. त्या काळच्या नियमांप्रमाणे, केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावीत क्षणार्धात केंद्रकावर जाऊन आदळावयास हवा होता. तसे घडते, तर ही सृष्टी टिकलीच नसती!

हे कोडे बोर यांनी १९१३ साली सोडविले. इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतूनच फिरतात व तेथे असेपर्यंत त्यांची ऊर्जा खर्च होत नाही. बाहेरच्या कक्षेतून आतल्या कक्षेत उडी घेतली, म्हणजे मात्र ती प्रकाशरूपाने बाहेर पडते, असे त्यांनी प्रतिपादिले. हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा अर्थ त्यामुळे उलगडला.

मूलद्रव्याचे गुण त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर अवलंबून असतात, हा विचारही त्यांनी पुढे नेला. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे असतात, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे. सोडियम आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि आपल्या ताटातले मीठ तयार होते! ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य तोवर सापडले नव्हते. ते झिर्कोनियमसारखे असावे, असे बोर यांचे अनुमान होते. १९२२ च्या अखेरीस त्यांच्याच संस्थेत ते झिर्कोनियमच्या खनिजात सापडले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हणतात. त्याच वर्षी बोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४० साली जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. फॉन लाउए व फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची सुवर्णपदके बोर यांच्या संस्थेत ठेवलेली होती. ती सापडती, तर फॉन लाउए यांच्यावर मोठे संकट ओढवले असते. तेव्हा हेवेशी या सहकाऱ्याने ती अम्लराजात विरघळविली! सैनिकांना फडताळावरील त्या द्रवाचा संशय आला नाही. युद्धानंतर ते सोने परत मिळविण्यात आले व त्याची पुन्हा पदके घडविली गेली.

बोर यांच्या मातोश्री ज्यू होत्या. अटकेची चाहूल लागताच १९४३ साली ते रात्रीच्या वेळी एका होडीतून स्वीडनला निसटले. अणुबाँबचा संहार पाहून १९५० साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहिले आणि राष्ट्रांनी परस्परांपासून ज्ञान लपवू नये, अशी विनंती केली.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. इलेक्ट्रॉन ग्रहाप्रमाणे आखीव मार्गाने फिरत नाही, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झाले होते. त्या नव्या विचाराचे बोर यांनी स्वागतच केले. कारण त्यांना आपल्या मतापेक्षा सत्य अधिक प्रिय होते.